धुऱ्यावरच्या मॅडम

आज मी ज्वारीची भाकरी दोन्ही बाजूंच्या दाढांनी चावून खातो ती आमच्या मॅडममुळे. त्यांच्याखालोखाल नाहूरमुळे. तिसरा उपकार आझमगडचा, कारण त्या दिवशी मी सिंकच्या बाजूला भुईवरच बसलो तेव्हा काखेत हात घालून त्यानंच मला खुर्चीत बसवलं. काय झालं होतं ते सांगतोच. पण मी घाबरट माणूस, सांगता सांगता अडलो तर ज्यांचं नाव घ्यायचं ते राहून जायला नको.

नाहूर आणि आझमगड ही काही माणसांची खरी नावं नव्हेत. मॅडम कोणालाच नावानं हाक मारत नसत. माणूस जिथला, तेच त्याचं नाव. टेक्निशियन ताई नाहूरला राहायची म्हणून ती नाहूर. चहावाला आझमगड. कुरिअरवाले काका मालाड. मी वाशीम. "ए वाशीम, मेण तापलं काय?" अशी हाक आली की खालच्या मजल्यावरच्या खोक्यांच्या कारखान्यातली माणसंसुद्धा वर बघायची. एकदा धीर करून मी विचारलं, "मॅडम, तुम्ही नाव काहून नाही घेत?"

"दिवसभर चिठ्ठ्यांवर नावंच वाचते रे," त्या म्हणाल्या. "एकेका नावाखाली काय लिहावं लागतं ते तू बघतोस. चहा पिताना तरी नावं नकोत."

मॅडम पॅथॉलॉजिस्ट. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची लॅब. जीभ, गाल, हिरड्या, घसा, मानेपासून वरचं जे काही सर्जन कापून काढायचे त्याचे तुकडे आमच्याकडे यायचे. तुकडा मेणात बसवायचा, मेणाचा ठोकळा करायचा, ठोकळ्याचे कागदाहून पातळ काप काढायचे, काप काचेवर घेऊन रंगवायचे आणि काच मॅडमच्या सूक्ष्मदर्शकाखाली जायची. मी लागलो ते काचा धुवायला. चार वर्षांत तुकडे मेणात बसवण्यापर्यंत पोचलो. शाळेत मी सातवी पास, आठवीत दिवाळीपर्यंत गेलो. पुढं शाळा आणि मी, दोघांनी एकमेकांचा नाद सोडला.

कामाला विचारायला गेलो तेव्हा पस्तिशीला आलो होतो, मिशीत एक पांढरा केस होता आणि हातात सातवीची गुणपत्रिका. मॅडमनी ती बघितलीच नाही. गळ्यात दोरीनं टॉर्च अडकवलेला होता तो लावला आणि म्हणाल्या, "आ कर."

मी आ केला.

"काय खातोस?"

"काही नाही मॅडम."

"खातोस का, असं विचारलं का मी? काय खातोस?"

"खर्रा."

"तो काय असतो?"

मग मी सांगितलं. सुपारी, तंबाखू, चुना, सगळं प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून दोरीवर कसं घासायचं, घासताना पाण्याचे किती थेंब. पाककृती ऐकावी तसं त्यांनी ते मन लावून ऐकलं. मी रंगात आलो होतो, हातवारे करत होतो. संपल्यावर म्हणाल्या, "तोंड अजून बरं आहे. उद्यापासून ये. येताना खिसे रिकामे करून ये."

त्या टॉर्चपासून कोणीच सुटलं नाही. एसी दुरुस्त करायला आलेल्या माणसाला आधी स्वतःचं तोंड उघडावं लागायचं, मग एसी. मशीन विकायला आलेल्या टायवाल्या साहेबालाही त्यांनी खिडकीशी उभं करून आ करायला लावला. साहेब लाजेनं लाल झाला. मॅडम म्हणाल्या, "दात छान आहेत. मशीन नको." पावसाळ्यात गच्ची गळते म्हणून इमारतीचे सेक्रेटरी आले, तर दीड तासानं गेले ते दंतवैद्याचा पत्ता घेऊन. गच्ची गळतच राहिली.

मॅडम गिरणी कामगाराची मुलगी. आईवडील मालवणकडचे, त्यामुळे राग आला की पुस्तकी मराठी गळून पडायची आणि खालून मालवणी वर यायची. डब्यात रोज मासा. लॅबमध्ये तुकडे टिकवायच्या फॉर्मालिनच्या वासानं आमची नाकं मेलेलीच, त्यामुळे कोणाची तक्रार नव्हती. अवघड काच आली की त्या सूक्ष्मदर्शक बंद करत, खणातून सागरगोटे काढत आणि टेबलावर खेळत बसत. साठीच्या बाई, चष्मा कपाळावर, एक गोटा वर फेकायचा, तो खाली यायच्या आत दोन उचलायचे. टकटक ऐकू आली की नाहूर मला डोळ्यानं खुणावायची, काच टेढी आहे, आवाज करू नको.

एक नियम त्यांनी कधी मोडला नाही. काच आधी बघायची, चिठ्ठी नंतर वाचायची. रोग्याचं नाव, वय, काय खातो, डॉक्टरला काय वाटतं, हे सगळं झाकून ठेवायच्या. काचेवर नुसता नंबर. दुसरा नियम आमच्यासाठी होता. आपल्या घरच्या, ओळखीच्या माणसाचा तुकडा आपण हातात धरायचा नाही. "हात कापतो," एवढंच त्या म्हणायच्या.

आता त्यांचं खरं वेड सांगतो. गाठ आहे तिथंच बसणार की पुढं सरकणार, हे आधी कसं ओळखायचं, यात त्यांचा जीव अडकलेला. हे त्यांनी मला साध्या मराठीत शिकवलं. गालाच्या आतली जी कातडी, तिच्याखाली एक पातळ पडदा असतो. पेशी बिघडल्या तरी पडद्याच्या वर आहेत तोवर तेवढा भाग काढला की सुटका. पडदा फोडून त्या मांसात उतरल्या की त्यांना मानेतल्या गाठींकडं वाट मिळू शकते, मग सर्जनला मानही उघडावी लागू शकते. वाट काढणाऱ्या पेशी काही खुणा देतात. धड पेशी एकमेकींचे हात धरून असतात, हात धरायचं ते प्रोटीन कमी होतं. पडदा विरघळवणारी द्रव्यं वाढतात. या एकेका खुणेवर तपकिरी रंग चढवता येतो. जुन्या रोग्यांचे मेणाचे ठोकळे मॅडमनी देवगडच्या आंब्याच्या पेट्यांत लावून ठेवले होते. फावल्या वेळी एकेक काढायचा, रंगवायचा आणि गाठीच्या पुढच्या कडेला तपकिरी किती ते मोजायचं. रंगावर मात्र त्यांचा आंधळा विश्वास नव्हता. "डाग हा साक्षीदार," म्हणायच्या. "निकाल आपण द्यायचा. साक्षीदार खोटंही बोलतो."

एकदा असंच समजावत असताना मी म्हणालो, "म्हणजे मॅडम, हा धुरा कोरणारा शेजारी झाला."

"धुरा?"

"दोन वावरांमधला बांध. आमच्याकडं त्याला धुरा म्हणतात. शेजारी एकदम नाही फोडत. दर साली नांगराचं एक तास, म्हणजे एक चर, धुऱ्यात घालतो. दिसत नाही. दहा वर्षांनी मोजणी आली की कळते, आपली दोन हात जमीन गेली."

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "आमच्यात मेर म्हणतात," त्या म्हणाल्या, "पण हे तास घालायचं मला कोणी सांगितलं नव्हतं! नाहूर, ऐकलंस? आणि मग भांडण?"

"काठ्या निघतात मॅडम."

"निघायलाच हव्यात!"

तेव्हापासून लॅबमध्ये पडद्याला धुरा हाच शब्द झाला. काच बघता बघता त्या पेशींवर ओरडायच्या, "कुठे निघालात? मागे व्हा! धुरा दिसत नाही?" अंधेरीच्या एका हॉटेलात डॉक्टरांची परिषद होती, तिथं पेटी उचलायला मला नेलं. पडद्यावर मोठं चित्र, गुलाबी-जांभळं, आणि मॅडम इंग्रजीत बोलतायत. मधूनच "धुरा" ऐकू आलं. मग म्हणाल्या, हा शब्द माझा नाही, शेवटच्या रांगेत बसलाय त्या वाशीमचा आहे, उभा राहा रे. दोनशे डॉक्टर वळले. माझ्या हातात कटलेट होतं. ते कुठं ठेवावं कळेना, म्हणून खिशात घातलं आणि उभा राहिलो. टाळ्या वाजल्या. ती पँट नंतर तीनदा धुतली तरी तेलाचा डाग गेला नाही. मी तीच घालून कामाला जायचो.

एवढं सगळं रोज डोळ्यांनी बघणारा माणूस खर्रा कसा खाईल, असं वाटेल. मी खायचो. लाज वाटते पण लिहितो. गावाकडून कोणी गोवंडीला खोलीवर आलं की पुड्या आणायचं, संपल्या की नुसता तंबाखू-चुना. घर लांब, बायको-पोरगी तिकडं, तोंडात ती गोळी असली की गावाच्या पारावर बसल्यासारखं वाटायचं. मॅडम दर महिन्याच्या एक तारखेला आमची तोंडं बघायच्या. एक तारखेला माझं पोट दुखायचं.

सापडलो तो जांभईमुळं. अठरा तारीख होती, दुपारची वेळ. मी जांभई दिली आणि तोंड मिटायच्या आत टॉर्च आत. डाव्या गालात पांढरा चट्टा, मध्ये लाल. मॅडमनी टॉर्च बंद केला, चपला घातल्या आणि मला रिक्षात घालून सर्जनकडं घेऊन गेल्या. हे सर्जन रोज आमच्याकडं तुकडे पाठवणारेच. त्यांनी चट्ट्याचा तुकडा काढला. त्या रात्री बायकोचा फोन. "असं काहून बोलून राहिले? तोंडात काय हाय तुमच्या?" म्हटलं, गरम चहानं पोळलं. "मग फुंकून पेत जा की," ती म्हणाली. मी हो म्हणालो.

दोन दिवसांनी तुकडा मेणात बसवायच्या टेबलावर आला. चिठ्ठीवरचा नंबर मी सर्जनकडं बघून ठेवला होता. नाहूर आतल्या खोलीत काप काढत होती. नियमाप्रमाणं मी तिला हाक मारायला पाहिजे होती. पण नाहूरला कळलं म्हणजे मरोळला कळलं. आणि खरं सांगू का, मनात आलं, माझा तुकडा माझ्याइतकं जपून कोण बसवणार?

तुकडा साच्यात उभा बसवायचा असतो. कातडी एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला, म्हणजे कापात दोन्ही एकदम दिसतात आणि मध्ये धुरा दिसतो. हे मी हजारदा केलेलं. त्या दिवशी चिमट्यात माझाच गाल होता. हात असा कापत होता की मेणात रेषा उमटत होत्या. तुकडा साच्यात टेकवला, वर मेण ओतलं, झाकण ठेवलं आणि देवाला नाही, बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडले. तुकडा उभा राहिलाय की आडवा झालाय, ते बघायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिंकवर काचा धुत होतो. सर्जनचा फोन आला, त्या दिवशी पाठवलेल्या गालाचं काय? मॅडम काच बघतच होत्या; गाल रोज पाच-सहा येत, हा कोणाचा ते त्यांच्यासाठी झाकलेलंच. फोनवर म्हणाल्या, "पहिल्या नजरेला तर आत उतरलेलं दिसतंय. बिघडलेल्या पेशींची बेटं आहेत मांसात. लेखी येईपर्यंत थांबा." आणि फोन ठेवून नाहूरला म्हणाल्या, "धुरा ओलांडलाय याने."

फोनवर मॅडमनी नंबर उच्चारला होता, तो माझा होता. काच माझ्या हातातून पडली आणि पाठोपाठ मी. आझमगड चहाची किटली घेऊन दारात आला होता, त्यानं किटली खाली ठेवली आणि मला उचललं. "क्या हुआ वाशीम? शुगर गिर गई?" मी मान हलवली. त्यानं माझ्या चहात चार चमचे साखर घातली.

आणि मग आतून टकटक सुरू झाली. सागरगोटे.

मी चहा हातात धरून ऐकत राहिलो. टक. टकटक. मध्येच थांबायचं, सूक्ष्मदर्शकाचा दिवा लागायचा, विझायचा, पुन्हा टक. अर्ध्या तासानं मॅडम बाहेर आल्या.

"नाहूर, ही बेटं फार शहाणी आहेत. सगळी गोल, सगळी गुळगुळीत, आजूबाजूला पळापळ नाही, सूज नाही. घुसखोर असा नीटनेटका बसतो होय? आणि या काचेवर कातडी कुठाय? वरची बाजूच नाही. ठोकळा कोणी बसवलाय हा?"

नाहूर म्हणाली, "मी नाही मॅडम."

तिघंच होतो आम्ही. आझमगड धरून चार.

"मी," मी म्हणालो. "आणि मॅडम, तो गाल पण माझाच हाय."

मॅडमनी चिठ्ठी उलटी करून नाव वाचलं. त्यांच्या तोंडून माझं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आणि मग मालवणी आली. "मेल्या! आपलोच गाल आपणच बसवतस? आणि आडवो? तुका शिकवलंय कित्याक मी?"

"काहून केलं माहीत नाही मॅडम. हात कापला."

"म्हणूनच नियम होता ना!"

नाहूर रडत होती आणि मला शिव्या देत होती. "यार, मला सांगता येत नव्हतं तुला? मी काय भोंगा लावून फिरते काय?" मी मनात म्हटलं, फिरतेस.

मॅडम शांत झाल्या. पुस्तकी मराठी परत आली. सिंकमध्ये पाणी भरून त्यांनी आपला पंजा बोटं खाली करून बुडवला. "बघ. कातडीच्या खालच्या अंगाला अशी बोटं असतात. उभा काप घेतला तर बोटं हाताला जोडलेली दिसतात. आडवा घेतला, पाण्याच्या रेषेवर, तर काय दिसेल? पाच सुटे गोल. हात दिसणारच नाही. मला वाटणार, पाच बेटं. तुझी बेटं खरी की बोटं, ते आता बघू. बोटं असतील असं वचन देत नाही मी. समजलं?"

समजलं. म्हणजे अजून काहीही होऊ शकत होतं.

नाहूरनं ठोकळा वितळवला. मला खोलीबाहेर काढलं होतं. दाराच्या काचेतून बघितलं, तिनं तुकडा चिमट्यानं उभा केला, मेण गोठेपर्यंत श्वास न घेता धरून ठेवला. नवे काप काढले. एक नेहमीच्या गुलाबी-जांभळ्यात, एक त्या तपकिरी रंगात जो फक्त धुऱ्याला लागतो. तो रंग चढायला दुसरा दिवस उजाडावा लागला. तोवर मी लॅबमधली प्रत्येक बाटली पुसली. धुतलेल्या काचा परत धुतल्या.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी हाक मारली, "वाशीम, ये. बस माझ्या खुर्चीवर."

चार वर्षांत त्या खुर्चीवर कोणी बसलेलं मी बघितलं नव्हतं. डोळा लावला. वर गर्दी, वेड्यावाकड्या पेशी, एकावर एक चढलेल्या. खाली मोकळं मांस. आणि दोहोंच्या मधून, त्या प्रत्येक बोटाखालून वळणं घेत, एक तपकिरी रेघ. मी डावीकडून उजवीकडं काच सरकवत गेलो. शेताच्या कडेनं चालतो ना, तसा. एका ठिकाणी रेघ पातळ होती. मी थांबलो.

"बघितलंस ना?" मागून मॅडम म्हणाल्या. "तिथं तास लागलंय. तुटलेली नाही. गुलाबी काचही तेच सांगते. पुढचे काप काढले मी, त्यातही शाबूत. वरच्या पेशी मात्र पार बिघडल्यात, चट्टा सगळा काढायचा. पण मान उघडायची गरज नाही."

मी म्हणालो, "धुरा हाय मॅडम."

"हाय," त्या म्हणाल्या. माझ्यासारखंच.

संध्याकाळी सर्जन स्वतः आले, तापलेले. त्यांनी मान उघडायची मोठी शस्त्रक्रिया यादीत लावून टाकली होती. "मॅडम, काल आत उतरलंय, आज उतरलेलं नाही. मी रोग्याला काय सांगू?" रोगी ट्रेमध्ये काचा घेऊन त्यांच्या मागंच उभा होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "तुकडा आडवा बसला होता. माझी चूक. लेखी येईपर्यंत थांबा म्हटलं होतं, पण तेवढंही बोलायला नको होतं." आणि माझ्याकडं असं बघितलं की मी काचा घेऊन आत गेलो.

नंतर म्हणालो, "मॅडम, मी सांगतो ना त्यांना."

"तुला नोकरी पाहिजे," त्या म्हणाल्या. "मला चूक परवडते. जा, साचे घास."

परवडली नाही. मला माहीत आहे. पुढं दोन वर्षं कोणतीही बैठक असली की ते सर्जन मॅडमना सगळ्यांसमोर हसून विचारायचे, "काय मॅडम, आज उभा की आडवा?" बाकीचे डॉक्टरही हसायचे. मॅडमही हसायच्या. तीस वर्षं काच आधी आणि चिठ्ठी नंतर वाचणाऱ्या बाई.

गेल्या वर्षी त्या मालवणकडं निघून गेल्या, कायमच्या. फोन करतो तेव्हा आधी विचारतात, "खिसे?" मी सांगतो, रिकामे. खरंच रिकामे असतात. बायकोलाही सगळं सांगून टाकलं. तिनं फोनवर अर्धा तास शिव्या दिल्या आणि मग विचारलं की मॅडमना ज्वारी आवडते का.

लॅब आता दुसऱ्या डॉक्टरांकडं आहे. चांगले आहेत, पण चूक झाली की कागदावर कबुलीची सही घेतात, नोकरी जाऊ शकते, म्हणून मी इतके दिवस गप्प बसलो. चट्टा त्याच सर्जननी सगळा काढला, त्यांच्याकडं दर तीन महिन्यांनी जातो. ते खुर्चीत बसवतात, हातमोजे घालतात, दोन बोटं माझ्या गालात घालून चाचपतात आणि नेमकं तेव्हाच विचारतात, "काय म्हणतात तुमच्या मॅडम? अजून आडवं कापतात का?" त्यांची बोटं तोंडात असताना मी काय बोलणार? घशातून कसला तरी आवाज काढतो, त्यांना वाटतं मी हसलो.

पुढची तपासणी येत्या महिन्यात आहे. मी ठरवलं आहे. खुर्चीत बसायचंच नाही. दारात, चपला काढायच्या आधी, सगळ्या नर्सच्या देखत सांगणार, "डॉक्टर, तो तुकडा मी आडवा घातला होता. मॅडमची चूक कधीच नव्हती." मग काय सही करायची असेल तिथं करीन. मॅडमनी माझी मान वाचवली, त्यांची मान मी कोणासमोर खाली राहू देणार नाही.